चष्मा नाकावर

आमच्या घरात पडायच्या आधी चष्मा काढून ठेवायचा, असा नियम आहे. नियम मी केला. पडायची हौस नवऱ्याची आणि मोडलेला चष्मा जोडायचं काम माझं, तेव्हा नियम करायचा हक्कही माझाच.

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करते. काच मशीनवर घासून फ्रेमच्या आकाराची करायची, कडा मऊ करायच्या, फ्रेम गरम करून तिच्यात बसवायची. नवरा रंगाच्या कारखान्यात सुरक्षा बघतो. कुठे ठिणगी उडू नये, हातमोजे घातल्याशिवाय पिंपाला कोणी हात लावू नये, आणि लागलीच आग तर कोणी कुठल्या दाराने पळायचं, हे सगळं तो कामगारांकडून घोटून घेतो. आवाज असा की तिकडे सगळे त्याला भोंगा म्हणतात. रागावले की मीही भोंगाच म्हणते, म्हणजे बहुतेक वेळा.

मुलींना घरातलं सगळं आलं पाहिजे, हा त्याचा ध्यास. थोरलीला आम्ही सगळेच ताई म्हणतो, कारण धाकटी चिंगी तिला ताई म्हणते. ताई नऊ वर्षांची. ती बटण लावते, मोजे धुते, इस्त्री करून झाल्यावर प्लग काढला का ते दोनदा बघते. चिंगी पाच वर्षांची, तिला पत्ता मजल्यासकट पाठ आहे आणि विचारलं नसतानाही ती तो सांगते. इथवर माझी काही तक्रार नव्हती. शिकवतोय तर शिकवू दे, तेवढाच माझ्या डोक्याचा ताप कमी.

तक्रार होती ती तालमीची. त्यालाही कारण होतं, नाही असं नाही. मागे एकदा ओट्यावरच्या फडक्याला गॅसची ज्योत लागली. फडकं ते केवढं, मी नळाखाली धरलं आणि विझलं. पण ताई जागच्या जागी लाकूड झाली. हाक मारली तर ओ नाही, पापणी हलेना, फ्रॉकखाली पाय ओले. झोपेपर्यंत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी म्हटलं, पोर भित्री आहे, जपायला हवं. तो म्हणाला, भित्री आहे म्हणूनच सराव हवा.

झालं. तेव्हापासून घरात तालीम सुरू झाली. मनात आलं की हा गृहस्थ हॉलच्या मधोमध धाडकन पडायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. मग मुलींनी काय करायचं? गॅस बंद, श्वास बघायचा, कुशीवर वळवायचं, अँब्युलन्सला फोन, दाराच्या कड्या काढायच्या. सगळं बरोबर झालं की हा एक डोळा उघडून म्हणणार, "पास!" तो शब्द आला की तालीम संपली.

"शुभ बोल रे नाऱ्या," मी किती वेळा म्हटलं असेल. धडधाकट माणसाने स्वतःच्या घरात मेल्याचं सोंग आणायचं, आणि लेकरांनी त्याच्या नाकाशी बोट धरायचं, हे मला बघवायचं नाही. पण मुलींना त्यात खेळाची मजा यायची, आणि खेळापुढे आईचं कोण ऐकतंय. एकदा पडताना त्याने फ्रेमची दांडी मोडून घेतली, तेव्हा मात्र मी हात टेकले आणि नियम केला. आधी चष्मा फ्रिजवर ठेवायचा, मग खुशाल लोळण घ्यायची. तेव्हापासून तो मुकाट्याने चष्मा ठेवून यायचा. फ्रिजवर चष्मा दिसला की चिंगी आधीच टाळ्या पिटायची.

त्या दिवशी तो रात्रपाळी करून आला होता. शाळेला सुट्टी होती म्हणून मुली घरात, मी दुकानात. दुपारी मी एका जाड काचेची कड घासत होते. अशा वेळी हात हलवून चालत नाही, काच उडते. फोन टेबलाच्या खणात वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. मशीन बंद करून ओल्या हातानेच मी तो घेतला. घरातल्या जुन्या मोबाईलवरून होता.

"आई," ताई कुजबुजत होती. "बाबांना सांगू नकोस हं, मी फोन केला म्हणून."

"काय फोडलंस?"

"काही नाही गं. आमची तालीम चाललीय. मी सगळं केलं तरी बाबा पास म्हणतच नाहीयेत. माझं काहीतरी राहिलंय. तू सांग ना काय ते."

माझं डोकं फिरलं. "कामावर फोन करायचा नाही म्हणून सांगितलंय ना? रात्रपाळी करून आलाय, तर गप झोपावं की नाही माणसाने? त्यांना म्हणावं, आई म्हणते उठा आता, पुरे झाली नाटकं."

"म्हटलं. चिंगीने गुदगुल्या पण केल्या. हलत नाहीत. आज बाबा एकदम भारी करतायत, आई. तोंडसुद्धा वाकडं केलंय. आणि घोरल्यासारखा आवाज काढतायत."

घासलेली काच माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली.

"ताई, त्यांचा चष्मा कुठाय?"

ती आणखी हळू आवाजात म्हणाली, "नाकावरच आहे. मी सांगणार नव्हते. एक काच फुटलीय. तू ओरडशील ना त्यांना?"

किंचाळून चालणार नव्हतं. एकच डोळ्यापुढे आलं, ओट्याजवळ लाकूड होऊन उभी असलेली माझी पोर. तिला आता कळलं तर ती तशीच उभी राहील, आणि तो तसाच पडून राहील. शेजारच्या दोन्ही घरांना दुपारी कुलूप. घरात मोठं असं कोणी नाही. जे काही होणार होतं ते नऊ वर्षांच्या दोन हातांनी होणार होतं, आणि ते हात चालू राहायचे तर तिला वाटायला हवं होतं की बाबा नाटक करतायत.

फोनवर तळहात दाबून मी पुढे दुकानात गेले. मालक गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी बसवून बघत होते. "नवरा घरात पडलाय. बेशुद्ध. अँब्युलन्स बोलवा," म्हटलं आणि पत्ता सांगितला. एरवी दहा प्रश्न विचारणारा माणूस, त्याने एक शब्द न विचारता फोन उचलला.

"आई? आहेस ना?"

"आहे. नाही ओरडणार. तू काय काय केलंस ते सांग बघू."

"आधी गॅस बंद," ती बापाच्याच सुरात म्हणायला लागली. "मग श्वास बघितला. चालू. मग कुशीवर वळवायचं, पण ते थोडंसंच झालं, बाबा आज मदतच करत नाहीयेत. मग अँब्युलन्सला फोन. मग दाराच्या कड्या काढल्या."

क्षणभर माझ्या जिवात जीव आला. पोरीने सगळं केलं होतं! "अँब्युलन्सला फोन केलास? कोण बोललं तिकडून?"

"कोण म्हणजे? चिंगी."

आणि मागून चिंगीचा जाड केलेला आवाज आला, "हॅलो! काय झालं? पत्ता सांगा!"

विसरलेच होते मी. तालमीत खरा फोन लावायचा नसतो, उगाच त्या लोकांना त्रास नको म्हणून. फोन नुसता कानाला लावायचा, आणि चिंगी मूठ तोंडाशी धरून तिकडची बाई व्हायची. खरं तर तालमीत काहीच खरं नसायचं. सगळ्याला नुसता हात लावायचा आणि मोठ्याने म्हणायचं, झालं.

"ताई, गॅस तू बंद केलास, की नुसता हात लावून म्हटलंस?"

"हात लावून म्हटलं. अंडी उकडतायत ना वर. बाबा आज न तुटता सोलायला शिकवणार आहेत. बंद केला तर पुन्हा पेटवायला बाबाच लागतात."

"आणि कड्या?"

"त्या पण तशाच. आई, तुला माहितीये ना कसं करतात ते!"

मालकांनी रिसीव्हर ठेवून मान हलवली. निघाली होती गाडी. गाडी पोचेल हो, पण आत कशी जाणार? रात्रपाळीहून आला की नवरा दाराला आतून दोन्ही कड्या घालतो, चिंगी बाहेर पळू नये म्हणून. दार जाडजूड. ते फोडायचं म्हटलं तर किती वेळ जाईल कोण जाणे.

"ऐक," मी म्हटलं. आवाज कुठून आणला देव जाणे. "आजची तालीम वरच्या इयत्तेची आहे. आजपर्यंत नुसतं म्हणायचं होतं, आज सगळं खरंखरं करायचं. बाबांनी मला सांगून ठेवलंय. तू मला फोन केल्याशिवाय ते पास म्हणणारच नव्हते."

"म्हणजे फोन केला ते बरोबर होतं?"

"एकदम बरोबर."

पलीकडे तिने सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. इतकी सफाईदार थाप मी जन्मात मारली नव्हती.

"आता पहिलं काय? गॅस. जा, बटण फिरव. खरंखरं."

पावलं लांब गेली. तेवढ्यात फट्ट असा आवाज आला आणि चिंगी किंचाळली. मी टेबलाची कड धरली.

"अंडं फुटलं!" ताईचा आवाज. "आई, पाणीच नाही भांड्यात. काळं झालंय."

"असू दे. भांड्याला हात लावायचा नाही. बटण फिरवलंस?"

"फिरवलं. ज्योत गेली."

मालकांनी एव्हाना गिऱ्हाइकाला बाहेर काढून शटर अर्धं ओढलं होतं. त्यांच्या गाडीत मी कशी बसले ते आठवत नाही. मशीनचं पाणी लागलेला एप्रन तसाच अंगावर होता. फोन कानाला होता, तो मी काढणार नव्हते.

"आता कुशीवर," मी म्हटलं. "सांग, कसं वळवायचं?"

"पलीकडचा गुडघा उभा करायचा. पलीकडचा हात छातीवरून इकडे घ्यायचा. मग गुडघा आणि खांदा धरून आपल्याकडे ओढायचं. ढकलायचं नाही, ओढायचं."

"हं. कर तसं. फोन खाली ठेव, मला ऐकू येतंय."

फोन फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर जे कानावर पडलं ते मी कधी विसरणार नाही. त्याचं ते घोरणं. इतकी वर्षं शेजारी झोपते मी, त्याचं घोरणं मला पाठ आहे. हे ते नव्हतं.

"गुडघा राहत नाहीये," ताई म्हणाली. "पडतोय सारखा."

"चिंगीला धरायला लाव."

"चिंगी, धर. असा नाही, दोन्ही हातांनी." मग दोघींचं कण्हणं. फरशीवर काहीतरी घासलं. "ओढ! अजून!" मग धप्प. "वळले! आई, तोंडातून लाळ आली खूप सारी."

"छी," चिंगी म्हणाली.

"येऊ दे बाहेर. चांगलं झालं. आता आवाज कसा येतोय?"

"कमी झाला," ती म्हणाली, जरा वेगळ्याच आवाजात. तेव्हा मला ते जाणवलं नाही. पुढे रस्ता तुंबला होता आणि मालक हॉर्नवर हात ठेवून बसले होते.

"शाब्बास. आता कड्या. खालची आधी."

"काढली."

"आता स्टूल घे आणि वरची."

वरच्या कडीचं दुखणं मला तोवर आठवलंच नव्हतं. मागच्या महिन्यात आमच्या भोंग्याने सुट्टीच्या दिवशी दाराला रंग दिला होता, आणि घाईघाईत कडीलाही फासला होता. मी म्हटलं होतं, अरे कडी तरी सोड. तर म्हणे, गंजणार नाही. तेव्हापासून ती कडी त्यालाही जोर लावून सरकवावी लागायची. आता ती एका पोरीच्या हातात होती, स्टुलावर उभं राहून, डोक्याच्याही वर.

फोन आता चिंगीकडे होता. ती मला बातम्या देत होती. "ताई चढली. ताईचा हात पोचला. ताई ओढतेय. नाही निघत. ताईचं तोंड लाल झालंय. बाबा अजून झोपलेत."

"चिंगे, ताईला सांग, कडी वर-खाली हलव."

"ती हलवतेय. आई, माझं काम कधी येणार? मी हॅलो म्हणू?"

"म्हण राजा. म्हणत राहा."

आणि ती खरोखर म्हणत राहिली, हॅलो काय झालं, पत्ता सांगा, हॅलो काय झालं. तेवढ्यात त्याच्यावरून दुसरा आवाज आला. दारावर थापा. पुरुषांचे आवाज, घाईचे.

फोन ओढून घेतल्यासारखा खरखरला. मग ताई.

"आई. दारात माणसं आलीत. स्ट्रेचर म्हणतायत." तिचा श्वास मोठमोठ्याने येत होता. "तालमीत माणसं नसतात."

आमची गाडी सिग्नलला उभी होती. शेजारच्या गाडीत कोणीतरी केळं खात होतं. थाप मारायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं, मी मनात शोधलं, नव्हतं. आणि शोधत बसायला वेळही नव्हता. तिने मला सरळ विचारल्यासारखंच होतं ते.

"ताई," मी म्हटलं, "ही तालीम नाहीये, बाळा."

काही नाही. थापा वाढल्या. कोणीतरी ओरडत होतं, आत कोण आहे, दार उघडा. ताईचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

"ताई? ताई!"

संपलं, मला वाटलं. झाली लाकूड. उभी असेल स्टुलावर, डोळे उघडे, पाय ओले. दार एका हातावर, माणसं दारात, आणि आत तो. आणि हे मी केलं, माझ्या तोंडाने. अजून एक थाप मारली असती तर काय बिघडलं असतं?

"हळू बोल," फोनमध्ये अगदी जवळून कुजबुज आली. "चिंगी ऐकतेय."

मी फोन कानावर आणखी दाबला.

"मला मघाशीच कळलं," ती म्हणाली. "गुडघा पडला तेव्हा. बाबा कधी गुडघा पडू देत नाहीत." तिचे दात वाजत होते. "आई, तू तालीमच म्हण. तसं म्हणत राहा. तू तसं म्हटलंस की माझे हात चालतात."

मालक माझ्याकडे बघत होते. मी डोळे पुसले, घसा साफ केला आणि भोंगा झाले. माझ्या नवऱ्याचा भोंगा, कारखान्यातला, जसाच्या तसा, बंद गाडीत, बेंबीच्या देठापासून.

"तालीम चालू! पुढची पायरी, वरची कडी! कडी कशाने अडकलीय?"

"रंगाने!" फोनमधून तसाच ओरडून जबाब आला.

"रंगाने अडकलेल्या कडीला काय करायचं?"

"ठोकायचं!"

"मग बघत काय बसलीस? चिंगी, ताईला डाव आणून दे! लोखंडाचा!"

चिंगी धावली. डाव पडला, पुन्हा उचलला गेला. मग ठोके सुरू झाले, आधी बिचकत, मग जोरात. बाहेरच्या माणसांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी थापा थांबवल्या. मी ओरडत होते, "अजून! एक बाजू झाली, आता दुसरी! आता हलव! आता ओढ!" सिग्नल कधीच सुटला होता, आणि मालक आयुष्यात चालवली नसेल तशी गाडी चालवत होते.

एक ठोका वेगळा वाजला. मग कडी सरकल्याचा तो कर्कश आवाज. एरवी त्या आवाजाने माझे दात आंबायचे. मग दार, बूट, खूप सारे बूट, आणि एक माणूस म्हणाला, "पोरी, बाजूला हो." मग फोन बंद पडला.

मी पोचले तेव्हा त्याला गाडीत चढवत होते. नाकातोंडावर मास्क, एक हात स्ट्रेचरवरून लोंबत होता. तो मी उचलून आत ठेवला. "मुली वर आहेत, घेऊन या पटकन," एकजण म्हणाला. मी जिने चढले.

दार सताड उघडं. जळक्या अंड्याचा वास. चिंगी दाराला टेकून, मूठ अजून तोंडाशी. आणि ताई बाजूला ढकललेल्या स्टुलावर उभी, हातात डाव, नजर फरशीवरच्या फुटक्या काचेकडे. फ्रॉकखाली पाय ओले होते आणि स्टूलही. सगळं झाल्यावर झाली होती माझी पोर लाकूड. सगळं झाल्यावर.

मी तिला कडेवर घेतलं. नऊ वर्षांची घोडी, पण घेतलं. डाव तिच्या हातातून सुटेना.

"तालीम संपली?" तिने विचारलं.

काय सांगणार? तो शब्द म्हणायचा हक्क माझा नव्हता. "नाही अजून," मी म्हटलं. "बाबा म्हणतील तेव्हा."

वेळेत आणलं म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूत गुठळी झाली होती. उजवी बाजू लुळी पडली होती, बोलणं गेलं होतं. हळूहळू येईल, म्हणाले, किती येईल ते सांगता येत नाही. त्यांनी मुलींना भेटायची परवानगी देईपर्यंत बरेच दिवस गेले.

त्या दिवसांत ताई शहाण्यासारखी वागली. तेच मला सोसवेना. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की आडवी व्हायची, आणि प्रत्येक गोष्ट करून मोठ्याने म्हणायची, "झालं." दात घासले, झालं. दप्तर भरलं, झालं. रडली एकदाही नाही. रात्री तिचे डोळे उघडे असायचे. मी जवळ घेतलं तर अंग ताठ. तिची तालीम चालूच होती.

मी दुकानात जाऊन त्याचा चष्मा नीट केला. फ्रेम वाकली होती, ती गरम करून सरळ केली. नवी काच घासायला घेतली, पहिली वाया गेली. दुसरी बसली.

मुलींना घेऊन गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. मी त्याला चष्मा चढवला. चिंगी सरळ पलंगावर चढली आणि त्याच्या लुळ्या हाताची बोटं एकेक उचलून सोडायला लागली. ताई पायथ्याशी उभी राहिली, शाळेत राहतात तशी, हात मागे बांधून. ती कशाची वाट बघत होती ते मला कळलं, आणि त्यालाही.

त्याने तोंड उघडलं. ओठाची एकच बाजू हलली. "पा," तो म्हणाला. पुढचं अक्षर येईना. "पा. पा." कपाळावर घाम आला, मानेची शीर फुगली. एवढा भोंगा माणूस, आणि एका अक्षराशी झटत होता. मला बघवेना. मी म्हणणार होते, राहू दे.

ताई पलंगाला वळसा घालून त्याच्या जवळ आली.

"मला माहितीये, मी पास," ती म्हणाली. "पण तुम्ही नापास, बाबा. तुम्ही चष्मा काढून ठेवला नव्हता."

तो बघतच राहिला. मग त्याला हसू आलं, अर्ध्या तोंडाने, आवाजाशिवाय, आणि हसता हसताच डोळे वाहायला लागले. पुसायला म्हणून त्याने चांगला हात चष्म्याकडे नेला. ताईने झडप घालून तो हात धरला.

"काढू नका," ती म्हणाली. "राहू द्या. डोळे उघडे ठेवा नुसते."

तिचा आवाज तिथे फुटला. मग ती रडायला लागली, इतक्या दिवसांचं एकदम, नाक-तोंड एक करून, नर्स आत डोकावून गेली इतक्या मोठ्याने. आणि रडता रडताच काचेच्या खालून बोट घालून ती त्याचे डोळे पुसत राहिली.